काळी पाच

पेटी मी वाजवायचो, एवढंच माझं.
बाकी सगळं तिचं होतं.

कनकव्वा येमूल. साखर पेठेतल्या बोळात
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं.
दिवसाच्या हजार बिड्या,
त्यातल्या शंभर मुकादम छाटणार हे ठरलेलं.
पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती गात नव्हती,
मोजत होती. तेलुगूत.
प्रत्येक कट्टा बांधताना दोऱ्याबरोबर
एक सूर गर्रकन फिरवून गाठ मारायची.
तो सूर डोक्यात घेऊन घरी आलो,
रात्री पेटीवर बोटं फिरवत राहिलो.
सापडला. काळी पाच.

रेडिओच्या साहेबांनी पहिल्या खेपेला परत पाठवली.
'भ'चा 'ब' होतो, म्हणाले, 'घर'चं 'गर'.
रिक्षात ती म्हणाली, "गर म्हणलं तर
छप्पर गळतंय का, पेटीवाले?"
मग वर्षभर तोंडासमोर तेंदूचं पान धरून बसायची:
भात, भाऊ, भाकरी, घागर, घर.
पान हललं की अक्षर बरोबर.
मुकादम ओरडायचा, पानं वाया जातात.

दुसऱ्या खेपेला साहेब गप्प.
गुरुवारी संध्याकाळी लागलं,
"जोडवं राहिलं उंबऱ्यात, पाय गेला पेठंला",
आणि कारखान्यातल्या बायकांनी
अर्धा तास एकही बिडी वळली नाही.
चेक आला. बँकेत खातं नव्हतं.

मग जत्रा. वैराग, मोहोळ, मंगळवेढा, खाली चडचणपर्यंत.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी, डोक्यावर एक बल्ब,
बल्बभोवती किडे, गाताना एखादा गिळायची
आणि ताल सोडायची नाही.

नवरा मागावर. पंचवीस वर्षं खटखट ऐकून
दोन्ही कान गेलेले.
तिचा एकही शब्द त्याला ऐकू आला नाही.
पण कार्यक्रमाला यायचा, माझ्या शेजारी बसायचा,
पेटीच्या लाकडावर पंजा ठेवून.
चुकलो तर माझ्याकडं बघायचा.
त्याला कसं कळायचं, विचारायचं राहून गेलं.

पुण्याच्या कंपनीनं अकराशे रुपयांत आठ गाणी घेतली.
कागदावर तिनं सही केली, मी साक्षीदार.
कॅसेटवर नाव छापलं: कनकलता सोलापूरकर.
फोटो दुसऱ्याच कुणा पोरीचा.
गड्ड्याच्या जत्रेत आम्ही ती स्टॉलवर बघितली.
"आवाज बरा आहे हो," स्टॉलवाला म्हणाला,
"पण बाई वारली म्हणतात."
ती म्हणाली, "मग दोन रुपये कमी कर."
अठराला घेतली, पिशवीत शेंगांवर ठेवली,
आणि पाळण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आवाज कसा उतरतो, ते पेटीवाल्याला आधी कळतं.
काळी पाचची काळी चार झाली, तेव्हा ती चाळीशीची.
नवरा गेला त्या वर्षी पांढरी पाच.
मग तंबाखूचा खोकला, काळी तीन.
तिला मी कधी सांगितलं नाही.
ती मला कधी बोलली नाही.

परवा कुंभारीच्या घरकुलात गेलो.
शेजारच्या लग्नात तिचंच गाणं लागलेलं, डीजेवर,
मधे कुणा पोराचा आरडाओरडा घातलेला, खाली दणदणाट,
कॉटची भांडी हलत होती.
आत नातू फोनवर काही बघत होता.
"ही आजी आहे," मी म्हणालो. त्यानं मान वर केली नाही.

"काढा पेटी," ती म्हणाली.
भाता एका बाजूनं फाटलेला, तरी काढली.
गुपचूप पांढरी चार धरली.
ती थांबली. "अजून उतरवलंत."
"हो."
"बरं केलंत. वर आता कोण आहे?"

मग गायली. खालच्या पट्टीत ते गाणं
माझ्या ओळखीचं नव्हतं.
जोडवं राहिलेली बाई या खेपेला परत फिरत नव्हती,
तिला जोडवं नकोच होतं.
गाताना तिची बोटं पदराचं टोक
वळत होती, दाबत होती, वळत होती.

माझ्या शेजारी लाकडावर जागा मोकळी होती.
दोनदा चुकलो.
दोन्ही वेळा तिनं बघितलं.